बाळगुटी मधात उगाळावी का? आणि ठाण्यात खरा मध कुठे मिळतो?

मेघना_घोडबंदर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात साताऱ्याहून आजेसासूबाई आल्यात आमच्याकडे कासारवडवलीला, वय ८१, पणतीला पहिल्यांदाच बघतायत त्यामुळे घरात नुसता आनंद आहे. येताना त्यांनी गुटीचा डबा आणलाय, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, सागरगोटा, काकडशिंगी सगळं, आणि सहाण पण घरूनच आणलीये. सोबत महाबळेश्वरकडच्या ओळखीच्या माणसाकडून मधाची बाटली. त्यांचं म्हणणं गुटी मधातच उगाळायची, त्यांनी पाचही मुलांना तशीच दिली आणि पाचही ठणठणीत. आमच्या पिडियाट्रिशियननी पहिल्याच व्हिजिटला सांगितलं होतं की एक वर्षापर्यंत मध नाही, पण का नाही ते मी विचारलं नाही आणि आता आजींनी "का?" विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नाहीये. नुसतं डॉक्टर म्हणतात एवढ्यावर त्यांना गप्प करायला मला नको वाटतं. खरंच काही धोका आहे का? दुसरं म्हणजे नवऱ्याला दोन आठवडे कोरडा खोकला आहे, त्याला मध चालेल का, आणि ही बाटली संपल्यावर इकडे भरवशाचा मध कुठे मिळेल?

नौपाडेकर
आम्हा सगळ्या भावंडांना जन्मल्याबरोबर सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली होती. काही झालं नाही. आजींचं ऐका, त्यांच्या अनुभवाला किंमत आहे.

डॉक_नेरूळ
मेघना, मी बालरोगतज्ज्ञ आहे, नेरूळला प्रॅक्टिस करते. तुझा 'का' अगदी बरोबर आहे, त्याचं उत्तर आजींना मिळायलाच हवं.

मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे मातीत, धुळीत सगळीकडे असतात, माशीबरोबर मधात येतात. मध शुद्ध असला तरी येतात, भेसळीशी याचा संबंध नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतके चांगले जिवाणू वस्तीला असतात की या बीजाणूंना रुजायला जागा मिळत नाही. लहान बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते, त्यामुळे ते तिथे रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्या विषाने नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच थांबतो. पहिलं लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठता असतं, जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, बाळ मान टाकतं, आणि वाढलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार कॅलिफोर्नियात १९७६ साली ओळखला गेला आणि काही वर्षांतच मधाशी त्याचा संबंध लक्षात आला.

नौपाडेकर काका, तुम्हाला काही झालं नाही हे खरंच आहे. प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात आणि असले तरी प्रत्येक बाळाला आजार होत नाही. आजार दुर्मिळ आहे. पण ज्या बाळाला होतो ते आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असू शकतं, आणि एक बोट मधासाठी हा धोका मी कुठल्याच आईला घ्या म्हणणार नाही.

सानपाड्याचा_संजू
मग मध उकळून दिला तर?

डॉक_नेरूळ
नाही. हे बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२० डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. म्हणून शिऱ्यात, बिस्किटात, चोखणीला लावून, कसाही नको. एक वर्ष पूर्ण झालं की बिनधास्त द्या.

आणि गुटीबद्दलही सांगते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे साडेचार महिन्यांच्या बाळाला गुटी मधात नाही आणि पाण्यातही नाही.

वैद्य_अपूर्वा
मी आयुर्वेदाची वैद्य, ठाण्यातच असते. जातकर्मात, म्हणजे बाळ जन्मल्यावरच्या संस्कारात, मध आणि तूप चाटवण्याचा उल्लेख चरकसंहितेत आहे, हे लपवण्यात अर्थ नाही, लोक तेच वाचून येतात. पण आज जे माहीत आहे ते माहीत असताना मी स्वतः एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाही आणि डॉक_नेरूळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ग्रंथ मानणं आणि समोरच्या बाळाची काळजी घेणं यात मला तरी भांडण दिसत नाही.

गुटीचं म्हणाल तर तिच्यात किती वळसे कशाचे द्यायचे हे पूर्वी रोज बाळाकडे बघून ठरायचं. जायफळाचे वळसे जास्त झाले की बाळ गुंगतं आणि घरचे म्हणतात आज छान झोपलं. माझ्याकडे अशी बाळं आणलेली आहेत. स्वतःच्या मनाने देऊ नका.

आता नवऱ्याच्या खोकल्याकडे. कोरड्या खोकल्याला सितोपलादि चूर्ण पाव चमचा, मध आणि तूप घालून चाटण. मध-तूप समप्रमाणात घ्यायचं नाही, एक कमी एक जास्त. कफ सुटत नसेल तर अडुळशाच्या पानांचा रस मधातून. मधाला आम्ही योगवाही म्हणतो, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचं काम तो पुढे नेतो, म्हणून इतक्या औषधांना मधाचं अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायची जोड, सांगितलंय. एक मात्र लक्षात ठेवा, सितोपलादित खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १ असं प्रमाण असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त साखरच. मधुमेह असणाऱ्यांनी हे चूर्ण आणि वर मध असं दिवसातून तीनदा घेऊ नये, माझ्याकडे येणारे पेशंट हे हमखास विसरतात.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, ताप असेल, वजन उतरत असेल तर चाटणावर वेळ घालवू नका, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या.

तलावपाळी
ज्येष्ठमध चघळला तर चालतो ना? नावात मध आहेच 🙂

वैद्य_अपूर्वा
चालतो, तो मध नाही, मूळ आहे एका झाडाचं. पण ब्लडप्रेशर असेल तर रोज रोज नको, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं.

वर्तकनगर_माधुरी
खोकल्याला मध खरंच लागू पडतो, माझ्या मुलाला (वय ५) रात्री खोकून खोकून उलटी व्हायची, झोपताना एक चमचा मध सुरू केला आणि तिसऱ्या रात्रीपासून आम्ही सगळे झोपलो. हे नुसतं आजीबाईच्या बटव्यातलं आहे की डॉक्टरही मानतात?

डॉक_नेरूळ
मानतात. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली मुलांच्या खोकल्यावरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात काहीच न देण्यापेक्षा मध बरा दिसला, पहिले तीन दिवस तर नक्की. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१८ मध्येच साध्या खोकल्याला अँटिबायोटिक्सच्या आधी मध वगैरे घरगुती उपाय सुचवले, अर्थात एक वर्षावरच्यांसाठी. आपल्याकडे २०२३ साली केंद्राने क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापायला सांगितला. तरी लोक केमिस्टकडून ते आणतातच. त्यापेक्षा एक चमचा मध कधीही चांगला. दात घासल्यावर देऊ नका फक्त, आधी मध मग ब्रश.

वाशीचा_प्रशांत
मला एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे. माझ्या वडिलांना १८ वर्षं डायबेटीस. दोन वर्षांपूर्वी पायाला बोटाजवळ छोटी जखम झाली. त्यांनी कुठेतरी वाचलं की मध लावला की जखम भरते, आणि आम्हाला न सांगता स्वयंपाकघरातला मध रोज कापसाने लावत राहिले, वर पायमोजा घालून. आम्हाला कळलं ते वास आल्यावर. अंगठ्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. नंतर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी सांगितलं की जखमेवर मध लावतात हे खरं आहे, पण तो वेगळा असतो. मला तेव्हा वाटलं वाचणाऱ्याने हा 'पण' वाचलाच नाही. कृपया डायबेटीसच्या पायावर घरी प्रयोग करू नका.

डॉक_नेरूळ
प्रशांत, वाईट वाटलं वाचून. सिस्टरनी बरोबर सांगितलं. मध जखमेवर काम का करतो तर तो इतका दाट असतो की जिवाणूंचं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, आणि त्यातलं एक एन्झाइम थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. भाजलेल्या वरवरच्या जखमा मधाच्या ड्रेसिंगने काही पारंपरिक ड्रेसिंगपेक्षा लवकर भरतात याला चांगला पुरावा आहे. पण हॉस्पिटलमधला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बाटलीतल्या मधात तेच बीजाणू असू शकतात ज्यांच्याबद्दल वर लिहिलं, आणि उघडी खोल जखम ही त्यांची आवडती जागा.

नौपाडेकर
प्रशांतराव, वडील आता कसे आहेत? मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. आमच्या घरात पुढच्या महिन्यात सुनेची डिलिव्हरी आहे, अंगठी आणि मध काढून ठेवलेलेच होते. आज बायकोला डॉक्टरताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

वाशीचा_प्रशांत
चालतायत काका, सेक्टर १७ च्या गार्डनला रोज दोन फेऱ्या.

सीवूड्स_फिटनेस
रोज सकाळी गरम पाणी लिंबू मध. सहा महिने झाले, वजन ४ किलो उतरलं. वैद्य अपूर्वा, गरम पाण्यात मध विष होतो असं म्हणतात ते काय आहे?

वैद्य_अपूर्वा
चरकात उष्ण मध वर्ज्य सांगितलाय, कारण माश्या विषारी फुलांवरूनही मध आणतात आणि उष्णतेशी त्याचा विरोध. म्हणून पाणी प्यायच्या कोमट गरमीपर्यंत निवू द्यावं, मग मध घालावा. उकळत्या चहात नको, पोळीवर लावून तव्यावर तर नकोच.

माशीमित्र
इथे थोडी भर. मी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत कोर्स केलाय, मुरबाडजवळ ४० पेट्या आहेत. मध तापवला किंवा वर्षानुवर्षं उन्हात ठेवला की त्यात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, आपल्या अन्नसुरक्षा नियमात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. एक कप गरम चहाने कोणी मरत नाही पण मधातली एन्झाइम्स आणि फुलांचा वास मरतो, मग मध घातला काय आणि साखर काय. म्हणून आम्हीही तापवू नका म्हणतो.

घोडबंदर_ज्योती
फिटनेसवाले दादा, वजन पाणी-लिंबूने नाही, तुम्ही सहा महिने सकाळी नियमाने उठून चालताय त्याने उतरलं असेल. चहाचा चमचाभर मध ७ ग्रॅम म्हणजे २१ कॅलरी, तेवढ्याच चमच्यात साखर ४ ग्रॅम म्हणजे १६. मध जड असतो. मी डाएटिशियन आहे, रोज हा हिशेब लोकांना चमचे मांडून दाखवते. मध चांगला आहे, पण शेवटी त्यात ८० टक्के साखरच आहे.

सीवूड्स_फिटनेस
हे माहीत नव्हतं. दोन चमचे घालत होतो, एक करतो.

मेघना_घोडबंदर
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! बाळाला मध देणार नाही, ठरलं. गुटीही नाही. पण आजींना कसं सांगू हा प्रश्न आहे, त्यांनी सहाण धुऊन पुसून देवघरासमोर ठेवलीये. आणि आजींनी आणलेल्या मधाची बाटली बघून आता मलाच शंका येतेय, तळाशी पांढरा साखरेसारखा थर जमलाय. भेसळ असेल का?

तलावपाळी
पाण्याच्या ग्लासात थेंब टाका, तळाला गेला तर खरा. कापसाची वात बुडवून पेटवा, पेटली तर खरा.

माशीमित्र
या सगळ्या टेस्ट विसरा हो. साखरेचा दाट पाकही तळाला जातो. वात पेटणं फक्त पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. मुंग्या दोन्हीला लागतात. कुत्रा खात नाही वगैरे तर काहीच नाही. मेघनाताई, थर जमणं ही भेसळ नाही, ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत जमतोच, मोहरीचा तर काढल्या काढल्या लोण्यासारखा होतो. बाटली उन्हात नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करा, विरघळेल.

खरी भेसळ आता इतकी हुशार आहे की घरी ओळखता येत नाही. तांदळापासूनचं सिरप मिसळतात जे साध्या साखरेच्या तपासणीत सापडत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँड तपासले, जर्मनीला पाठवून एनएमआर नावाची, असली लपलेली भेसळ शोधणारी टेस्ट केली, त्यात सगळ्या टेस्ट पास झालेले फक्त ३ निघाले. त्या बातमीनंतर माझ्याकडे फोनवर फोन. त्याचं वाईट हे की सिरपमुळे मधाचा भाव पडतो आणि पेट्या ठेवणारा माणूस धंदा सोडतो, मग माश्याही जातात.

मानपाडा_विलास
घोडबंदर रोडला बादलीत पोळं घेऊन बसतात ते? मी मागच्या डिसेंबरला घेतला, समोर पिळून दिला, ३०० रुपये. घरी आल्यावर आठ दिवसांत फेस आला, आंबट वास. आईने पूर्ण बाटली फेकून दिली आणि मला बोलली ते वेगळंच.

माशीमित्र
पोळं खरं असतं, बादलीतला मध गुळाचा पाक असू शकतो. आणि खरा असला तरी पोळं अख्खं पिळतात तेव्हा त्यात अळ्या, परागकण सगळं जातं, आणि कच्चा मध निघतो. माशी पंख हलवून मधातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणते आणि मगच मेणाचं झाकण घालते. त्याच्या आधी काढला की आंबणारच. आम्ही पेटीतल्या झाकलेल्या चौकटीच मधयंत्रात फिरवतो, पोळं परत पेटीत, अळी मरत नाही. तुम्ही घ्याल तिथे हे एवढंच विचारा, पिळलेला की यंत्राने काढलेला.

पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत झाकण उघडं राहिलं तरी मध हवेतलं पाणी ओढतो. काचेची बरणी, कोरडा चमचा. फ्रीज नको.

मुलुंडचे_आप्पा
सरकारी मध महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचा मिळतो, खादी ग्रामोद्योगच्या दुकानात विचारा. महाबळेश्वरजवळचं मांघर गाव २०२२ साली 'मधाचं गाव' केलंय, घरोघरी मधमाश्यांच्या पेट्या. मी आणि ही गेलो होतो, गावात शिरलं की भिंतींवर माश्यांची चित्रं. तिथला जांभळाचा मध थोडा कडवट लागतो, मला तोच आवडतो.

खारघर_ट्रेकर
कारवीचा मध कोणी खाल्लाय का? आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ नंतर २०२४ ला येऊरला आणि नॅशनल पार्कात डोंगर जांभळे झाले होते, त्या आठवड्यात नुसता गुणगुणाट. आता थेट २०३२.

माशीमित्र
खाल्लाय. गडद, दाट, जिभेवर रेंगाळतो. त्या साली माझ्या पेट्या सातेरीच्या होत्या, सातेरी आपली देशी, अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते म्हणून पेटीत राहते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं टांगते, तिला पेटीत घालता येत नाही.

पोखरण_रोड_नीता
आग्या! आमच्या टॉवरला सातव्या मजल्याच्या स्लॅबखाली आहे सध्या. सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवलंय रविवारी. मला फार वाईट वाटतंय पण खाली लहान मुलं खेळतात.

सुलभामावशी
मेघना बाळा, आजींना सांगायचं कसं हे कुणी लिहिलंच नाही म्हणून मी लिहिते. मी ७० वर्षांची आहे, कळव्याला असते, मीही दोन नातवंडांच्या वेळी हेच केलं. मला सुनेने तोंडावर "आई हे चालत नाही" म्हटलं होतं, रात्रभर झोप लागली नाही गं. मध चालत नाही याचं दुःख नव्हतं. वाटलं की आता माझं इथे काही कामच नाही. तू त्यांच्या हातातून गुटी काढून घेणार असशील तर दुसरं काहीतरी हातात दे. मालिश त्यांना करू दे, टाळू भरू दे, त्यांचे हात त्यात मुरलेले असतात. आणि डॉक्टरताईंनी लिहिलंय ना आतड्यातली वस्ती, ते त्यांना समजावून सांग, म्हाताऱ्या माणसांना कळतं सगळं. विरजण लावणाऱ्या बाईला जिवाणू काय ते निराळं सांगावं लागत नाही.

वैद्य_अपूर्वा
मावशी, हे फार सुंदर लिहिलंत.

मेघना_घोडबंदर
मावशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल दुपारी बाळ झोपल्यावर आजींच्या शेजारी बसून अगदी तसंच सांगितलं. बाळाच्या पोटात अजून विरजण लागलेलं नाही, म्हणून बाहेरचं काही पडलं तर तेच वाढेल. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग माझी पाच कशी राहिली गं?" मी डॉक्टरांचं उत्तर सांगितलं, सगळ्यांना होत नाही पण ज्याला होतं त्याचे फार हाल. त्यावर त्यांनी विचारलं, "कधी लागतं विरजण?" म्हटलं, एक वर्षाने. उठल्या, माझ्याकडून कागदाचा तुकडा मागितला, त्यावर बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख घातली आणि मधाच्या बाटलीला डिंकाने चिकटवला. बाटली आता सर्वात वरच्या फळीवर आहे. सहाण मात्र खालीच राहिली, तिच्यावर आज सकाळी त्यांनी चंदन उगाळलं देवाला. आणि अंघोळीच्या आधी मालिश त्यांचीच, बाळ त्यांच्या पायांवर असं निवांत पडतं की मलाच हेवा वाटतो.

नवऱ्याने काल एक्स-रे काढला, क्लिअर आहे. सितोपलादि सुरू केलंय, मधाची वेगळी बाटली मुलुंडच्या आप्पांनी सांगितलं तशी खादीच्या दुकानातून आणली.

नौपाडेकर
वा! आजींना नमस्कार सांगा.

माशीमित्र
पोखरण रोडच्या नीताताई, पेस्ट कंट्रोल रद्द करायला सांगा प्लीज. औषध मारलं की चवताळलेल्या माश्या खालीच येतात, मुलांना त्यानेच जास्त धोका. आग्या एरवी कुणाच्या वाटेला जात नाही, पावसाच्या तोंडावर आपणहून उठून जाईल. तोवर सातव्या-आठव्या मजल्याच्या बाल्कनीतले दिवे रात्री बंद ठेवा, उजेडाला येतात त्या. खाली फटाके, धूर, दगड काही नको. आणि मोहोळाच्या बरोबर खालची जागा दोरी लावून बंद करा, मुलांना दुसऱ्या बाजूला खेळू दे. सेक्रेटरींचा नंबर विपुत (खासगी निरोपात) द्या, मी रविवारी सकाळी येऊन बोलतो त्यांच्याशी.

पोखरण_रोड_नीता
विपु केली आहे. रविवारी दहाला या, चहा आमच्याकडेच.